अंगात काय बसवताय, ते आधी विचारा

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर आमच्या गटातल्या एक ताई हळूच बोलल्या. कर्करोगामुळे त्यांचा एक स्तन काढावा लागला. त्या जागी सिलिकॉनचा बसवता येईल, असं डॉक्टरांनी सुचवलंय. ताई म्हणाल्या, "मला टिकलीनं कपाळावर चट्टा उठतो, खोट्या कानातल्यानं कान चिघळतात. मग हे आत ठेवलेलं अंगाला कसं सोसेल?"

आम्ही उत्तर शोधायला लागलो, तेव्हा एक जुनी गोष्ट हाती लागली.

१९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन शहरात थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो या डॉक्टरांनी एका बाईच्या छातीत पहिल्यांदा सिलिकॉन जेलच्या पिशव्या बसवल्या. ती सहा लेकरांची आई. दवाखान्यात आली होती अंगावरचं गोंदण काढायला! त्याआधी हा प्रयोग एका कुत्रीवर झाला होता. शरीरात बसवायच्या वस्तू तपासण्याचा कायदा तिथे आला १९७६ साली. तोवर हजारो बायकांनी या पिशव्या बसवून घेतल्या होत्या.

पुढे तक्रारी वाढल्या. पिशवी फुटते, जेल पाझरतं, सांधे दुखतात. १९९२ साली अमेरिकी सरकारनं केवळ सौंदर्यासाठी जेलच्या पिशव्या बसवणं थांबवलं. कर्करोगानंतरच्या बायकांना मात्र अटींवर मुभा राहिली. १९९९ साली तिथल्या तज्ज्ञांनी अहवाल दिला: सांध्यांचे मोठे आजार यामुळेच होतात असा पुरावा नाही, पण पिशवी फुटणं, भोवती कडकपणा येणं, पुन्हा ऑपरेशन लागणं, हे त्रास खरे. २००६ साली पुन्हा परवानगी मिळाली.

फ्रान्समध्ये तर २०१० साली उघड झालं की पीआयपी कंपनी कारखान्यात वापरायचं स्वस्त सिलिकॉन पिशव्यांत भरत होती. मालकाला शिक्षा झाली, पण पिशव्या बायकांच्या अंगात होत्या.

अखेर २०२१ साली अमेरिकेत नियम झाला. या पिशव्या जन्मभर टिकत नाहीत, असा ठळक इशारा द्यायचा. त्यात कोणकोणते पदार्थ आहेत, त्याची यादी द्यायची. ऑपरेशनआधी बाईबरोबर एकेक मुद्दा वाचायचा. पहिल्या ऑपरेशननंतर यादी मिळायला ५९ वर्षं गेली!

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. टिकलीचा त्रास बहुधा तिच्या गोंदाचा असतो, खोट्या दागिन्यांचा निकेल धातूचा. म्हणून सिलिकॉनही सोसणार नाही, असं नाही. त्याची ॲलर्जी क्वचितच होते. पण अंदाजावर राहू नका. टिकली, दागिने, गोळ्या-इंजेक्शनं, चिकटपट्टी, रबरी हातमोजे, ज्याचा त्रास झाला ते सगळं डॉक्टरांना सांगा. ऑपरेशनच्या वेळची औषधं आणि हातमोजेही काहींना बाधतात. पिशवीत काय काय आहे, ते विचारा. शंका असेल तर त्वचारोग डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. पिशवीचं कार्ड मागा आणि रेशनकार्डासोबत जपून ठेवा.

ताईंनी हे सगळे प्रश्न वहीत लिहून घेतलेत. बसवायचं की नाही, ते त्या ठरवतील. डॉक्टरांकडे जाताना आमच्यातल्या दोघी सोबत जाणार आहोत.