देवटेकची आज्ञा आणि चांद्याची प्रतिज्ञा

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात देवटेक नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील एका शिलेवर दोन वेगवेगळ्या काळांचे दोन लेख कोरलेले आढळले. त्यांपैकी नंतरचा लेख वाकाटक नृपती रुद्रसेनाचा आहे. जुना लेख प्राकृत भाषेत व ब्राह्मी लिपीत असून प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी आज्ञा त्यात नोंदविली आहे. हा जुना लेख सम्राट अशोकाच्या धर्ममहामात्राचा असावा, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. म्हणजे आपल्या या अरण्यप्रदेशाच्या लिखित इतिहासाच्या आरंभीच एक मनाई उभी आहे. परंतु मनुष्याची सवय केवळ मनाईने बदलते काय?

या प्रश्नाचे उत्तर स्वतः अशोकानेच देऊन ठेवले आहे. दिल्ली-टोपरा स्तंभावरील सातव्या लेखात तो धम्मवृद्धीचे दोन उपाय सांगतो. पहिला धम्मनियम आणि दुसरा निझति. अमुक प्राणी अवध्य आहेत अशी आज्ञा हे नियमाचे उदाहरण म्हणून तो देतो, आणि नियमाचे फळ अल्प, निझतीचे अधिक, असा आपल्या अनुभवाचा निष्कर्ष मांडतो. पालीतील ‘निज्झत्ति’ हा शब्द याच कुळातला. विचार करून मनाला पटणे, हा त्याचा आशय होय. भारतखंडाच्या फार मोठ्या भागावर आज्ञा चालविणाऱ्या सम्राटाने आज्ञेची मर्यादा अशी दगडावर कोरून ठेवावी, ही गोष्ट लहान नाही.

मन पटले तरी ते वळते कसे? मज्झिमनिकायातील द्वेधावितक्क सुत्तात तथागतांनी याचे सूत्र सांगितले आहे. मनुष्य ज्या गोष्टीचा वारंवार विचार करतो, तिकडेच त्याच्या चित्ताचा कल होत जातो. या कलाला तेथे ‘नति’ म्हटले आहे. द्वेषाचा विचार वारंवार केला तर द्वेष सहज होतो, मैत्रीचा केला तर मैत्री सहज होते. तेव्हा मनाचे स्वास्थ्य हे कोणाच्या कृपेने लाभणारे दान नव्हे. ते नित्याच्या आचरणातून घडते.

हा अभ्यास केवळ भिक्खूंसाठी होता, असा एक समज आहे. भद्रावतीच्या विजासन लेण्यात डोंगरात सुमारे ७१ फूट आत गेलेली दीर्घिका आणि तिच्या अखेरीस असलेली बुद्धमूर्ती पाहिली की भावना म्हणजे एकांत, असे वाटू लागते. परंतु गृहस्थासाठी भगवंतांनी ताटापाशीच उपाय सांगितला. संयुत्तनिकायातील दोणपाक सुत्तात श्रावस्तीच्या पसेनदि राजाची कथा येते. अतिभोजनाने धापा टाकणाऱ्या राजाला भगवंतांनी मिताहारावरील एक गाथा ऐकविली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करावयास लावली आणि प्रत्येक भोजनाच्या वेळी ती म्हणण्यासाठी शंभर कहापण ठरविले. क्रमाक्रमाने राजाचा आहार मर्यादित झाला, देह हलका झाला. येथे राजाला शिक्षा नाही की शापाचे भय नाही. ज्या क्षणी सवय डोके वर काढते, नेमक्या त्याच क्षणी स्मृती जागी करण्याची ही योजना आहे.

वितक्कसंठान सुत्तात याहून पुढचा उपाय आहे. सुतार बारीक खुंटी ठोकून जाड खुंटी बाहेर काढतो, त्याप्रमाणे अकुशल विचाराच्या जागी कुशल विचार आणावा. नुसते ‘सोडा’ म्हटल्याने मन रिकामे राहते, आणि रिकाम्या जागी जुनी खुंटी पुन्हा बसते.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या धम्मदीक्षेकडे या दृष्टीने पाहावयास हवे. बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदान यांसारख्या गोष्टींचा त्याग आहे, तसाच अष्टांगिक मार्ग व दहा पारमिता यांचा स्वीकारही आहे. जेथे एक खुंटी काढली, तेथे दुसरी बसविली आहे. पिढ्यानपिढ्या लादलेल्या हीनत्वाच्या भावनेतून मुक्त होण्याचा हा मानसिक उपक्रम होता. शिवाय प्रतिज्ञा ही आज्ञा नव्हे. ‘सिक्खापद’ म्हणजे शिकण्याची पायरी. ती प्रत्येकाने स्वतःच्या मुखाने स्वीकारावयाची असते.

या प्रतिज्ञांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञाही आहे. पाचव्या शीलात मद्याला ‘प्रमादस्थान’ म्हटले आहे, म्हणजे जेथे स्मृती सुटते ती जागा. अट्ठकथांनी मेरयाच्या प्रकारांत ‘पुप्फासव’, म्हणजे फुलांचा आसव, गणला आहे. आपल्या प्रदेशातील मोहाची दारू याच वर्गात येईल. मात्र मोहफूल हे आदिवासी बांधवांचे अन्न आहे, उपजीविका आहे. दोष फुलात नाही, प्रमादात आहे.

दारूच्या प्रश्नावर या दोन्ही जिल्ह्यांनी नियमाचा मार्गही अनुसरला. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या मागणीवरून १९९३ मध्ये दारूबंदी झाली. २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळावर स्त्रियांची पदयात्रा गेली आणि १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरातही बंदी लागू झाली. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठविण्याचा निर्णय घेतला. गडचिरोलीत २०१६ पासून बंदीला ‘मुक्तिपथ’ या कार्यक्रमाची जोड मिळाली. त्यात गावसंघटना आणि व्यसनमुक्तीचे उपचार या दोहोंना स्थान आहे. ज्या घरात सायंकाळ मारहाणीची असते, तेथील स्त्रीला कायद्याचा आधार हवाच. नियम निरर्थक आहे असे कोणी समजू नये. परंतु शासनाने दिलेला नियम शासन परत घेऊ शकते. स्वमुखाने घेतलेली प्रतिज्ञा कोणत्याही मंत्रिमंडळाला उठविता येत नाही.

ही प्रतिज्ञा घरोघरी टिकावी कशी? लंडनमध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नवी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागल्याचे आढळले. कोणाला १८, तर कोणाला अडीचशेहून अधिक दिवस लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यात दिसून आले. आपला वर्षावास तीन महिन्यांचा असतो. विहारात ग्रंथवाचन होतेच; त्यासोबत प्रत्येक उपासक-उपासिकेने एकच सवय निवडावी. दारूच्या वेळी विहारात जाणे, रागाच्या क्षणी बोलण्यापूर्वी काही श्वास सावधपणे पाहणे, निजण्यापूर्वी दिवसातील एक कुशल कर्म आठवणे, यांपैकी काहीही चालेल. वेळ व जागा मात्र ठरलेली असावी, आणि घरातील एखाद्याने सुदस्सनाचे काम करावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दीर्घकाळ रोज दारू घेणाऱ्याने ती एकाएकी बंद केल्यास झटके वा भ्रम होऊन जीवाला धोका संभवतो. खोल नैराश्य हाही आजार आहे. अशा वेळी वैद्याकडे जाणे ही श्रद्धेतील उणीव नव्हे. स्वतः तथागतांनी जीवकाचे औषध घेतले होते.

देवटेकची आज्ञा एका सत्तेने कोरविली. चांद्याची प्रतिज्ञा लोकांनी स्वतः उच्चारली. आज्ञा शिलेवर टिकून राहिली. प्रतिज्ञा मात्र रोजच्या आचरणातच टिकते. वर्षातून एकदा दीक्षाभूमीवर जाऊन तिचे स्मरण करणे उचितच आहे, परंतु चित्ताचा कल घडतो तो उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत.