सुरती मण, मात्रा आणि मोडेम

सुरत बंदरात उतरणाऱ्या परदेशी व्यापाऱ्याला येथील बाजार पहिला धडा शिकवी तो मापांचा. ‘मण’ हा शब्द सर्वत्र एकच. परंतु मुंबईचा मण २८ पौंडांचा, सुरतेचा सुमारे ३७ पौंडांचा, तर बंगालचा ८२ पौंडांहूनही अधिक. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने दशमान पद्धती आणली आणि बाजारातील हा गोंधळ क्रमाक्रमाने मिटला. पुढे चार दशकांनी तो दूरध्वनीच्या तारेवाटे घरोघरी परत आला, ही गोष्ट मात्र फारशी कोणी नोंदवलेली नाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात इंटरनेट सर्वसामान्य ग्राहकांसाठी खुले केले. साध्या दूरध्वनीला मोडेम जोडावयाचा. वेग सेकंदाला ९,६०० बिट. दूरध्वनीची व्यवस्था मनुष्याच्या आवाजासाठी घडलेली. सेकंदाला सुमारे ३०० ते ३,४०० कंपनांपलीकडचे तिला पोचवता येत नसे. म्हणून मोडेम बिटांचे ध्वनीत रूपांतर करी, व पलीकडचा मोडेम त्या ध्वनीचे पुन्हा बिट करी. जोडणी होताना ऐकू येणारी ती किरकिर म्हणजे दोन यंत्रांची वेगाविषयी चाललेली बोलाचालीच होती.

या वेगाला कित्येक जण ‘९,६०० बॉड’ म्हणत. ते चूक होते. एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्रज्ञाच्या नावावरून आलेले हे एकक सेकंदाला किती वेळा संकेत बदलतो ते सांगते. त्या संकेतात किती बिट भरले आहेत ते सांगत नाही. आरंभीच्या ३०० बिटांच्या मोडेममध्ये एका संकेतात एकच बिट असे, त्यामुळे दोन्ही आकडे सारखे येत आणि दोन्ही शब्द एकच मानण्याची सवय जडली. ९,६०० बिटांच्या मोडेममध्ये संकेत सेकंदाला २,४०० वेळाच बदले. प्रत्येकात चार बिट असत. मराठीच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. भुजंगप्रयाताच्या चरणात अक्षरे १२ आणि मात्रा २०. कोणी नुसताच ‘बारा’ हा आकडा सांगितला, तर काय मोजले हे विचारल्यावाचून आपण पुढे जात नाही. (मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग १८४० च्या दशकात याच सुरतेत अध्यापन करीत होते. एका नावाखाली दोन वस्तू आल्या की त्या वेगळ्या करणे हे व्याकरणकाराचेच काम.)

अंकीय वाहिनीचे गणित निराळ्या वाटेने आले. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घ्यावयाचे, प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहावयाचा, गुणाकार ६४,०००. अशा ३२ वाहिन्या एकत्र केल्या म्हणजे २,०४८ किलोबिटांची मोठी वाहिनी होते. त्यांतल्या ३० संभाषणाच्या, उरलेल्या दोन व्यवस्थेच्या. आता ६४,००० ला ९,६०० ने भागले तर उत्तर ६.६७ येते आणि ग्राहक समजे की नवी वाहिनी पावणेसातपट वेगवान. परंतु साध्या मोडेम जोडणीत प्रत्येक अक्षराच्या ८ बिटांना आरंभाचा एक व शेवटचा एक असे दोन बिट जोडावे लागत. म्हणजे ९,६०० बिटांत अक्षरे ९६० च. अंकीय वाहिनीला हे दोन बिट लागत नसत. तिची अक्षरे ८,०००. खरे प्रमाण सव्वाआठपटीहून थोडे अधिक. येथे ग्राहकाचा लाभच झाला. एरवी अज्ञान बहुधा विक्रेत्याच्या पथ्यावर पडे. २००४ च्या धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट ही ब्रॉडबँडची किमान मर्यादा ठरवली. संगणक फाइलचे आकारमान बाइटांत दाखवी, जाहिरात वेग बिटांत छापी. २५६ वाचून आलेल्या ग्राहकाच्या पदरात सेकंदाला फार तर ३२ किलोबाइट पडत. १९९८ मध्ये मान्य झालेल्या ‘५६ के’ मोडेमचीही तीच गत: तो आकडा उतरत्या दिशेचा आणि तारेची स्थिती उत्तम असेल तेव्हाचा, चढत्या दिशेने ३३.६ च.

आता ज्यासाठी हा सारा खटाटोप केला, त्या मराठी अक्षराकडे वळू. वर ‘अक्षर’ म्हटले ते रोमन लिपीतले, एका बाइटात मावणारे. आपले ‘क्षि’ डोळ्यांना एक. परंतु त्यात क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार घटक. १९९१ च्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे इस्कीत, त्याला ४ बाइट लागत. युनिकोडच्या रूढ यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी घटकाला ३ बाइट लागतात; म्हणजे ‘क्षि’चे १२. दोन हजार घटकांचे जे मराठी पान ९,६०० च्या तारेवरून इस्कीत सुमारे दोन सेकंदांत जाई, त्याला यूटीएफ-८ मध्ये सहा सेकंद लागतील. ज्याला गावाबाहेरच्या केंद्राशी जोडणी करावी लागे, त्याला मिनिटागणिक एसटीडीचे शुल्क पडे. खानदेशातून येऊन उधना-लिंबायतीत वसलेल्या कुटुंबाने गावाकडे मराठीतून पत्र पाठवावयाचे म्हटले, तर तेवढ्याच मजकुराच्या रोमन पत्राहून यूटीएफ-८ मध्ये त्याचा भार बराच वाढे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासूनच आहे. तरीही त्या काळी अनेकांनी मराठी रोमन लिपीत लिहिली, त्यामागे कळफलकाची व फाँटची अडचण मोठी होती हे खरे. परंतु हा भाराचा हिशेबही त्या इतिहासात मांडला पाहिजे.