हाडावरील नक्षी

नरभक्षण म्हटले की भूक आणि क्रौर्य ही दोनच कारणे आपल्याला सुचतात. इंग्लंडमधील समरसेट परगण्यातल्या गॉफ गुहेतील सुमारे १४,७०० वर्षांपूर्वीचे मानवी अवशेष तिसरे कारण सुचवितात. तेथील अस्थींवर मांस कापल्याच्या खुणा आणि मानवी दातांचे व्रण आहेत. कवट्यांना वाट्यांचा आकार दिलेला आहे. हाताच्या एका हाडावर करवतीच्या दातांसारखी नक्षी आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ती मांस काढल्यानंतर, परंतु मज्जेसाठी हाड फोडण्यापूर्वी कोरली गेली. केवळ भुकेने व्याकूळ झालेला माणूस मध्येच थांबून नक्षी कोरीत नाही. या भक्षणाला अंत्यविधीचे रूप असावे. म्हणून ‘नरभक्षक’ हा शब्द आदिमानवासाठी वापरताना त्यातील धिक्कार बाजूस ठेवणे, हे इतिहासाच्या अभ्यासकाचे पहिले कर्तव्य ठरते.