मुलांच्या हातीं द्यावयाचें पुस्तक

गंगापूर तालुक्याच्या दक्षिणेकडून गोदावरी वाहते. कायगांवाजवळ तिला प्रवरा येऊन मिळते आणि पलीकडच्या तीरावर नेवासें तालुका लागतो. दोन्ही तीरांवर भाषा एकच, ज्ञानेश्वर-एकनाथही तेच. तरीसुद्धां १९४८ सालापर्यंत ही नदी दोन राज्यांची सीमा होती. दक्षिणेस मुंबई इलाखा, उत्तरेस निजामाचें हैदराबाद संस्थान. दक्षिण तीरावरचें मूल शाळेंत गेलें म्हणजे त्याच्या हातीं मराठी क्रमिक पुस्तक पडे. उत्तर तीरावर प्राथमिक वर्गांत मातृभाषेला थोडीफार जागा असली, तरी माध्यमिक शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत तर उच्च शिक्षणही उर्दूंतूनच दिलें जाई.

यांत उर्दूचा कांहींच दोष नव्हता. इस्माईल मेरठींसारख्या कवीनें त्या भाषेंतही मुलांसाठीं प्रेमानें लिहिलें होतें. दोष होता तो निवडीचा. मूल जी भाषा आईच्या मांडीवर शिकलें, ती सोडून दुसऱ्याच भाषेंत त्यानें ज्ञान मिळवावें असें कोणीं तरी दूर बसून ठरविलें होतें. परंतु दक्षिण तीरावर सर्व कांहीं आलबेल होतें, असें मात्र समजूं नये. तेथें भाषा मुलाची होती. पुस्तक मुलाचें होतें कीं नाहीं, हा प्रश्न उरतच होता. मुलानें काय वाचावें हें कोणीं ठरवावें, आणि कशावरून ठरवावें? मराठी बालवाङ्‌मयाचा दोनशें वर्षांचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाला वेळोवेळीं दिलेलीं उत्तरें होत.

मराठींतील मुलांच्या पहिल्या छापील पुस्तकाचा मान दक्षिणेंतील तंजावरकडे जातो. सरफोजी राजांच्या आश्रयानें तेथें १८०६ सालीं ‘बालबोध मुक्तावली’ हें इसापच्या गोष्टींचें भाषांतर छापलें गेलें. पुढें मुंबईंत शाळांसाठीं पुस्तकें तयार करण्याचा उद्योग सुरू झाला आणि सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं १८२८ सालीं ‘बाळमित्र’ व ‘इसापनीति कथा’ हीं पुस्तकें दिलीं. ‘बाळमित्रा’चें मूळ बर्कें नांवाच्या फ्रेंच लेखकाचें, तें इंग्रजीमार्गें मराठींत आलें. छत्र्यांचें गद्य सरळ व गोड होतें, आणि त्यावर पुष्कळ पिढ्या वाचावयास शिकल्या. तथापि त्या काळच्या निवडीमागील तत्त्व एकच होतें. मूल म्हणजे ओला मातीचा गोळा आणि पुस्तक म्हणजे साचा, ही ती समजूत होय. गोष्ट सांगावयाची ती शेवटच्या तात्पर्यासाठीं. तात्पर्य पाठ झालें कीं गोष्टीचें काम संपलें.

१८७३ सालीं मिशनऱ्यांनीं ‘बालबोधमेवा’ हें मासिक काढलें. त्यांतील साचा निराळा. पण साच्यावरील श्रद्धा तीच. १८८१ सालीं विनायक कोंडदेव ओक यांनीं ‘बालबोध’ मासिक सुरू केलें आणि १९१४ सालीं मृत्यु येईपर्यंत तें चिकाटीनें चालविलें. ओकांचा हेतुही बोधाचाच होता. मात्र त्यांनीं एक मोठी गोष्ट केली. चरित्रें, सृष्टिज्ञान, देशोदेशींची माहिती असे विषय त्यांनीं लहान मुलांच्या सोप्या भाषेंत आणले. मुलाला केवळ सद्गुण नको असतात, त्याला जग हवें असतें, हें यांत मान्य झालें. मराठींतील मुलांच्या माहितीपर वाङ्‌मयाचा पाया येथें घातला गेला.

१९०६ सालीं वासुदेव गोविंद आपटे यांनीं मुलांसाठीं मासिक काढलें आणि त्याला नांवच ‘आनंद’ असें दिलें. ‘बालबोध’ आणि ‘आनंद’ या दोन नांवांमध्यें पंचवीस वर्षांचें अंतर आहे. परंतु मुलाकडे पाहण्याच्या दृष्टींत पडलेलें अंतर त्याहून मोठें आहे. मुलानें पुस्तक हौसेनें उघडावें, हाच एक हेतु पुरेसा मानावयास समाज हळूहळू शिकत होता.

या बदलाला शास्त्राची जोड दिली ती बालशिक्षणाच्या चळवळीनें. भावनगरला गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं बालमंदिर काढलें. पुढें तेथेंच ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. ही मंडळी माँटेसरीबाईंच्या पद्धतीचीं अनुयायी होतीं, तरी एका बाबतींत गिजुभाईंनीं आपली वाट निराळी ठेविली. अगदीं लहान मुलांना अद्भुत कल्पितांपेक्षां प्रत्यक्ष सृष्टीची ओळख करून द्यावी, असें माँटेसरीबाईंचें मत. गिजुभाईंनीं उलट लोककथा गोळा केल्या, मुलांना ऐकविल्या आणि गोष्ट कशी सांगावी याचें शास्त्रच लिहून काढलें. हा वाद आजही घरोघर चालतो. वडिलांना वाटतें, मुलानें विज्ञानाचें पुस्तक वाचावें. आजीला वाटतें, राजाराणीची गोष्ट ऐकावी. वस्तुतः दोघेंही बरोबर आहेत. कल्पित कथेनें दुसऱ्याच्या मनांत शिरतां येतें आणि माहितीच्या पुस्तकानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतां येतें. एकावर पोसलेलें मूल अर्धेंच वाढतें.

साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत ‘श्यामची आई’ लिहिली. ती १९३५ सालीं प्रसिद्ध झाली. वरवर पाहतां हेंही संस्कारांचेंच पुस्तक. मग तें तात्पर्याच्या पुस्तकांप्रमाणें विसरलें कां गेलें नाहीं? कारण त्यांतील शिकवण गोष्टीला बाहेरून चिकटविलेली नाहीं. ती आईच्या वागण्यांतून निघते. जो लेखक स्वतः रडतो, त्याच्यावर मूल विश्वास ठेवतें. जो केवळ बोट उगारतो, त्याच्यावर ठेवीत नाहीं.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली. १९५६ सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत. गोदावरीच्या दोन तीरांवरील मुलें एकाच इयत्तेचें एकच पुस्तक वाचूं लागलीं. १९६७ सालीं पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झालें. त्याच वर्षीं महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. १९७१ पासून मंडळाचें ‘किशोर’ मासिक निघूं लागलें. भा. रा. भागवतांनीं जूल व्हर्नच्या कथा मराठींत आणल्या आणि फास्टर फेणेसारखा धाडसी नायक मुलांना दिला. त्याच्या हातून उपदेश घेण्याची कोणाला गरज वाटली नाहीं. नदीवरची सीमा पुसली गेली. पण दुसरी एक सीमा उरली, ती परीक्षेच्या पुस्तकाची व वाचनाच्या पुस्तकाची.

ही सीमा आज शहरांतील सुशिक्षित घरांतूनही जाते. तेथें पुस्तकांना वाण नाहीं. परंतु निवडतांना मनांत धाक असतो. मूल मागें तर पडणार नाहीं ना, हा तो धाक. त्या धाकानें विकत घेतलेलीं पुस्तकें कपाटांत कोरींच राहतात. गंगापूरसारख्या तालुक्याच्या गांवांत, अथवा त्याच्या आसपासच्या खेड्यांत, प्रश्न अधिक बिकट आहे. ज्या घरांत पाठ्यपुस्तकाखेरीज एकच पुस्तक येणार, तेथें तें नीरस निघालें तर मुलाची खात्री होते कीं पुस्तकें अशींच असतात. मग दुसऱ्याची संधि येत नाहीं.

म्हणून निवडतांना चार गोष्टींकडे लक्ष द्यावें. मोठ्या माणसानें पुस्तक आधीं स्वतः वाचावें. त्याला दोन पानांत कंटाळा आला, तर मुलालाही येईल. एक पान मोठ्यानें वाचून पाहावें. जी भाषा जिभेवर अडखळते, ती लहान वाचकाला पेलत नाहीं. माहितीचें पुस्तक असेल, तर त्यांतील माहिती खरी व आजची आहे कीं नाहीं तें पाहावें. मुलासाठीं म्हणून खोटें चालतें, हा समज सोडावा. आणि चार-पांच पुस्तकें अशीं पारखून मुलापुढें ठेवल्यावर शेवटची निवड त्याची त्याला करूं द्यावी. वाचून झाल्यावर तात्पर्य विचारूं नये. त्याला सांगावेंसें वाटलें, तर तें आपण होऊन सांगेल.

तंजावरच्या मुक्तावलीपासून आजवर मराठी माणसानें मुलांसाठीं पुष्कळ पुस्तकें निवडलीं. त्यांतील जीं मुलानें पुन्हां मागून घेतलीं, तींच टिकलीं. मुलाची हीच पसंती शेवटीं खरी कसोटी ठरली आहे. ती पसंती व्यक्त करण्याची संधि प्रत्येक मुलाला मिळावी, एवढेंच वडीलधाऱ्यांचें काम.