पोचा आलेली पुंगळी

आंजीकरांना पुलगावचा दारूगोळ्याचा डेपो परका नाही. पण काडतुसाच्या पितळी पुंगळीला पोचा आला तर काय होते, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

इंग्रजांनी १८७१ साली मार्टिनी-हेन्री रायफल घेतली. तिची पुंगळी पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली. सहज चेपे, तापलेल्या नळीत अडके, आणि ओढू जाता बूडच तुटून येई. १८८५ साली सुदानात, अबू क्लेआच्या लढाईत, ऐन गर्दीत कित्येक बंदुका अशा मुक्या झाल्या. वाळूचाही त्यात हात होता म्हणा!

पुढे सबंध पितळ ओढून घडवलेली पुंगळी आली. बार होताच ती फुगून नळीला चिकटते व लगेच आकसून सुटते. अर्धस्वयंचलित रायफलीत पोचा येतो तो बहुधा पुंगळी बाहेर फेकली जाताना, कडेवर आदळून. आवाज दाबणारी नळी लावली की वायू मागे अधिक लोटतो, फेक जोराची होते. पण तोवर गोळी गेलेली असते.