तंजावरच्या राजपुत्राचा पालक

कुंभकोणम आणि तंजावर या दोन शहरांच्या मधल्या प्रदेशात तिरुक्करुगावूर हे गाव आहे. तेथील गर्भरक्षाम्बिका देवीच्या दर्शनास अपत्याची आस असलेली दांपत्ये दूरदूरहून येतात. तमिळमध्ये ‘करु’ म्हणजे गर्भ आणि ‘का’ म्हणजे रक्षण करणे. गावाच्या नावातच देवीचे कार्य सामावले आहे. गर्भाचे रक्षण आई करते; पण जन्मानंतर मुलाला आणखी एका रक्षणाची गरज असते. आपले ज्ञान व अनुभव त्याच्या हाती देणाऱ्या जाणत्या माणसाचे ते रक्षण होय. याच कावेरीकाठी, भोसले घराण्याच्या राज्यात, एका राजपुत्राला असा माणूस लाभला. तो परदेशी होता आणि परधर्मीयही होता.

ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्त्झ यांचा जन्म १७२६ मध्ये प्रशियात झाला. १७५० मध्ये ते तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत धर्मोपदेशक म्हणून आले आणि पुन्हा कधीही मायदेशी परतले नाहीत. तमिळ, फारसी, हिंदुस्थानी या भाषा त्यांनी आत्मसात केल्या आणि तंजावरच्या दरबाराशी संबंध आल्यावर मराठीही शिकून घेतली. १७७९ मध्ये कंपनी सरकारने त्यांना हैदर अलीकडे बोलणी करण्यास पाठविले. विरोधी पक्षालाही त्यांच्या शब्दाचा भरवसा वाटे.

१७८७ मध्ये तुळजाजी महाराजांचा अंतकाळ जवळ आला. त्यांनी नऊ वर्षांच्या सरफोजीला दत्तक घेतले आणि त्याचा सांभाळ करण्याची विनंती श्वार्त्झ यांना केली. श्वार्त्झ यांनी ही जबाबदारी स्वीकारली नाही. महाराजांचे बंधू अमरसिंह यांच्यावर ती सोपवावी, असा सल्ला त्यांनी दिला. सल्ला सद्हेतूचा होता. परिणाम मात्र विपरीत झाला. अमरसिंह गादीवर बसले आणि सरफोजीच्या वाट्याला बंदिवासासारखे जिणे आले. त्याच्या शिक्षणाची तर सोयच राहिली नाही.

येथे श्वार्त्झ यांची खरी कसोटी लागली. ‘माझे काम उपदेशाचे, राजवाड्यातील भांडणे माझी नव्हेत’, असे म्हणून त्यांना बाजूला होता आले असते. तसे न करता त्यांनी मद्रासच्या सरकारकडे मुलाची कैफियत पुन्हा पुन्हा मांडली. पुढे १७९३ मध्ये सरफोजीला मद्रासला हलविण्यात आले. तेथे श्वार्त्झ यांचे सहकारी गेरिके यांनी त्याच्या अध्ययनाकडे लक्ष दिले. एकदा नाकारलेले पालकत्व श्वार्त्झ यांनी अशा रीतीने अखेरपर्यंत निभावले.

धन्याने दिलेले द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्या सेवकाचा दृष्टांत येशू ख्रिस्ताने सांगितला आहे. मिळालेली देणगी वापरात आणावी, वाढवावी, हा त्याचा बोध. श्वार्त्झ यांनी आपली विद्या अशीच वापरात आणली. तिरुनेलवेलीहून आणलेला वेदनायगम हा मुलगा त्यांच्या हाताखाली शिकून तमिळ ख्रिस्ती कवी म्हणून नावारूपास आला. सरफोजी मात्र आयुष्यभर शिवभक्तच राहिला. शिष्याने आपला धर्म स्वीकारला नाही, म्हणून गुरूची माया कमी झाली नाही.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्त्झ निवर्तले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. तो दिवस पाहणे गुरूच्या नशिबी नव्हते. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला आणि राजाजवळ सत्ता नावापुरती उरली. विद्येवर मात्र कोणाचा तह चालला नाही. सरफोजींनी सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह समृद्ध केला, धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग करविले, देवनागरी छापखाना चालविला, इसापच्या गोष्टी मराठीत छापविल्या. ओरत्तनाडूच्या मुक्तांबा छत्रात वाटसरूंना अन्न मिळे, तशीच मुलांना विद्याही मिळे. अंधारात कोंडल्या गेलेल्या मुलाने इतरांच्या मुलांसाठी दारे उघडली.

तंजावरच्या चर्चमध्ये फ्लॅक्समन या शिल्पकाराचे एक संगमरवरी शिल्प आहे. ते सरफोजींनी मुद्दाम इंग्लंडहून करवून आणले. मृत्युशय्येवरचे श्वार्त्झ आणि त्यांच्याजवळ उभा असलेला राजा, असे ते दृश्य आहे. एका हिंदू मराठी राजाने ख्रिस्ती गुरूला वाहिलेली ही आदरांजली होय.

शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात या कथेचे स्मरण उचित ठरते. शिक्षक सर्वज्ञ नसतो, पालकांचेही निर्णय चुकतात. चूक उमगल्यावर मुलाकडे परत वळणे महत्त्वाचे. साठ वर्षांत या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाजवळ आज काही ना काही कसब आहे. कोणाजवळ हिशेबाचे, कोणाजवळ शेतीचे, कोणाजवळ शस्त्रक्रियेचे. शाळेच्या बाकावर आज बसलेल्या एखाद्या मुलाला त्यातले थोडे मिळाले, तर गुरुदक्षिणा पोचली असे समजावे.