निगेटिव्हवरची रेघ

शिरोळच्या जुन्या घरांतल्या निगेटिव्ह अभ्यासायच्या, तर आधी त्या उजेडात तिरप्या धरून पाहाव्यात. चकचकीत पाठीवरच्या ओरखड्यात उजेड विखुरतो आणि प्रिंटवर पांढरी रेघ उमटते. जुने फोटोग्राफर नाकावरचा तेलकटपणा बोटाने त्यात भरत, रेघ मावळे. (हसू नये, उपाय खरा आहे.) चांदीचा थरच खरवडला असेल, तर रेघ काळी, आणि तेवढा चेहरा कायमचा गेला.

२००५ आणि २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेचा पूर तालुक्यात शिरला. पाण्यात या थरातलं जिलेटिन फुगून मऊ होतं. अशी निगेटिव्ह कुणी मायेने फडक्याने पुसली, की गाळातला कणच काळी रेघ ओढतो. ती ओली असतानाच स्वच्छ, गार पाण्यात अलगद धुवावी, टांगून वाळवावी.